वादळाचा बावटा आणि त्याची जबाबदारी

नागपूर पूर्व समुद्रापासून दूर आणि पश्चिम समुद्रापासूनही दूर. इतवारीच्या पेढीवर बसलेल्या गृहस्थास समुद्रातील वादळाची वार्ता कळली, म्हणजे फार तर तो कोकणातल्या एखाद्या आप्ताची खुशाली विचारतो आणि पुन्हा आपल्या खतावणीकडे वळतो. दर्या गाजतो तो कोळ्यांसाठी व खलाशांसाठी. आम्हा वऱ्हाड-नागपूरकरांस त्याचे काय, असा एक समज येथे रुजलेला आहे. हा समज किती पोकळ आहे याची साक्ष आमच्याच जिल्ह्यातील मोवाड गाव देईल. १९९१ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस बंगालच्या उपसागराकडून न्यूनदाबाचे एक क्षेत्र ओरिसाचा किनारा ओलांडून आत आले, विदर्भावर कोसळले, आणि ३० जुलै रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाडातील दोनशेहून अधिक माणसे वाहून नेली. समुद्रात जे जन्मते ते समुद्रातच मरते असे नाही. सोनेगावच्या विमानतळावर हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र बसविले आहे, ते काही शोभेसाठी नव्हे.

असो. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते पुराविषयी नसून इशाऱ्याविषयी. वादळ येणार हे आधी सांगणारे शास्त्र आता हिंदुस्थानात चांगले प्रौढ झाले आहे. ज्याची उणीव आहे ती शास्त्राची नव्हे, कायद्याची. इशारा निघाला, तो पोचला, तो वाचला गेला. आणि तरीही माणसे समुद्रातच राहिली व बुडाली, तर उत्तर कोणी द्यावयाचे? या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर आमच्या व्यवस्थेत अद्यापि नाही, असे आमचे मत आहे. त्या मतास आधार म्हणून २०२१ सालच्या मे महिन्यातील एक प्रकरण वाचकांपुढे ठेवतो.

त्या वर्षी अरबी समुद्रात ‘तौक्ते’ नावाचे चक्रीवादळ उठले. नाव ब्रह्मदेशाने सुचविलेले. मोठ्याने ओरडणाऱ्या पालीचे ते नाव. पाल चुकचुकली की आपल्याकडे जाणारा मनुष्य क्षणभर उंबऱ्यावर थबकतो. ही पाल तर चांगली सहा दिवस ओरडत होती! मेच्या ११ तारखेच्या सुमारासच हवामान खात्याने न्यूनदाब निर्माण होण्याचा संभव वर्तविला. १४ तारखेस तो न्यूनदाब दृढ झाला, १५ तारीख उजाडेपर्यंत त्याचे चक्रीवादळ झाले, आणि १७ तारखेच्या रात्री ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दीवच्या पूर्वेस आदळले. आदळतेवेळी वाऱ्याचा वेग ताशी १६० ते १७० किलोमीटर होता. वाटेत मुंबईस त्याचा केवळ पदर लागला. तरी कुलाब्याच्या वेधशाळेत ताशी ११४ किलोमीटरची नोंद झाली. मच्छीमारांस परत फिरण्याच्या सूचना कित्येक दिवस आधीपासून दिल्या जात होत्या.

या सहा दिवसांत मुंबईपासून सुमारे ३५ सागरी मैलांवर, हीरा नावाच्या तेलक्षेत्रात, ‘पी-३०५’ नावाचा बार्ज उभा होता. बार्ज म्हणजे काय, हे आमच्या बहुसंख्य वाचकांस प्रत्यक्ष पाहून ठाऊक असण्याचा संभव नाही. ती एक सपाट बुडाची तरंगती चाळ समजावी. तेलविहिरींच्या फलाटांवर काम करणारे मजूर, वेल्डर, स्वयंपाकी व अभियंते तिच्यात राहतात, जेवतात, निजतात. तिला स्वतःचे चालण्याचे इंजीन नसते. ती आठ नांगरांवर उभी असते, आणि हलवावयाची झाल्यास टग म्हणजे ओढनौका लावून तिला ओढून न्यावी लागते. या बार्जवर त्या वेळी २६१ माणसे होती. १७ तारखेस वादळात नांगर तुटले, बार्ज फलाटावर आपटला, त्यात पाणी शिरले, आणि सायंकाळी तो बुडाला. ‘वरप्रदा’ ही टगही १३ माणसांसह बुडाली. नौसेनेच्या ‘कोची’ आदी युद्धनौकांनी त्या काळोखात व त्या लाटांत जे शौर्य केले त्याची तारीफ करावी तितकी थोडीच. बार्जवरील १८६ व टगवरील २ माणसे त्यांनी वाचविली. उरलेली ८६ माणसे मेली.

ही माणसे केरळ, बंगाल, ओरिसा अशा नाना प्रांतांतून पोटासाठी आलेली होती. बहुतेकांनी बार्जवर नोकरी लागेपर्यंत समुद्र पाहिलाही नसेल.

पुढे काय झाले ते आपल्याकडील रीतीस धरूनच झाले. मुंबईच्या यलोगेट पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली गेली ती कप्तानावर. आणि कप्तान तर बुडालेल्यांतलाच! केंद्रातील पेट्रोलियम मंत्रालयाने तीन अधिकाऱ्यांची समिती नेमली. काम ज्या सरकारी तेल महामंडळाचे त्याने कंत्राटदाराकडे बोट दाखविले, कंत्राटदाराने बार्जच्या मालकाकडे व कप्तानाकडे. कंत्राटदार कंपनीचे म्हणणे असे की, १४ तारखेसच सर्व नौकांस सुरक्षित स्थळी जाण्याविषयी कळविले होते. परंतु बार्जच्या कप्तानाने फलाटापासून २०० मीटर सरकून तेथेच थांबणे पसंत केले, कारण त्या जागी वाऱ्याचा वेग फार तर ४० नॉट होईल असा अंदाज हाती होता. उलटपक्षी, वाचलेल्या एका अभियंत्याने वृत्तपत्रांस सांगितले की, आपण कप्तानास निघण्याविषयी विनविले होते, पण वारा तितका होणार नाही असे उत्तर मिळाले; आणि अखेरच्या वेळी जीवरक्षक तराफे काढावे तो त्यांतील बहुतेक फाटलेले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे मानून चालू. तरीही त्या ४० नॉटांची थोडी उलटतपासणी केल्यावाचून आमच्यासारख्या कोर्टात आयुष्य घालविलेल्या मनुष्यास राहवत नाही. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. ४० नॉट म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर. आणि चक्रीवादळ असे नाव कशास द्यावयाचे, याची हवामान खात्याची व्याख्या काय? वाऱ्याचा वेग ३४ नॉट झाला की ते चक्रीवादळ. ४८ झाला की तीव्र, ६४ झाला की अतितीव्र, आणि त्यापुढे आणखी पायऱ्या. दर्यावर्दी लोकांचे जे जुने वाऱ्याचे मोजमाप आहे त्यातही ३४ ते ४० नॉटांस सोसाट्याचे वादळ अशीच संज्ञा आहे. म्हणजे बचाव म्हणून जो आकडा पुढे केला जातो, तो आकडाच वादळाचा आकडा आहे. “वादळ होईल एवढेच आम्हांस ठाऊक होते, भयंकर वादळ होईल हे ठाऊक नव्हते,” हा जबाब इंजीन नसलेल्या, २६१ माणसांनी भरलेल्या तरंगत्या चाळीच्या बाबतीत कोणत्या न्यायासनापुढे टिकावा?

आमच्या व्यापारी वाचकांस नोटीस म्हणजे काय हे सांगावयास नको. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात नोटिशीची जी व्याख्या दिली आहे ती तेथील वकिलांस तोंडपाठ असते. एखाद्यास एखादी गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक असली तर त्यास नोटीस मिळाली असे समजावयाचेच. परंतु ज्याने चौकशी करावयास हवी असता ती जाणूनबुजून टाळली, किंवा घोर हयगय केली, त्यासही नोटीस मिळाली असेच कायदा समजतो. गांधीबागेतील एखादे घर विकत घेणारा मनुष्य गहाणखताकडे डोळेझाक करील तर त्यास “मला ठाऊक नव्हते” असे म्हणण्याची सोय नाही. घराच्या चार भिंतींस जो न्याय तो अडीचशे माणसांच्या प्राणांस नको काय?

येथे अडचण अशी आहे की हवामान खात्याचा इशारा हा कायद्याच्या दृष्टीने सल्ला आहे, हुकूम नव्हे. खाते पिवळा, नारिंगी, तांबडा असे रंग दाखविते. बंदराबंदरांवर बावटे चढतात. कोकणात “तीन नंबरचा बावटा लागला” असे जे म्हणतात ते याच पद्धतीतले. एकपासून अकरापर्यंत या खुणा आहेत, दिवसा आकृत्यांनी व रात्री दिव्यांनी दाखवावयाच्या. दूर समुद्रात वादळ आहे, येथपासून प्रारंभ होऊन बंदराशी दळणवळणच तुटले, येथे त्यांचा शेवट होतो. बंदरात उभ्या असलेल्या जहाजास बंदर-अधिकारी हुकूम करू शकतो. आपत्ती व्यवस्थापनाचा २००५ चा कायदा आहे. त्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणे अधिकृत निर्देश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत, आणि त्यामुळे प्राणहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मोडावयास आधी निर्देश असावा लागतो! पस्तीस मैलांवर खुल्या समुद्रात कंत्राटाने काम करणाऱ्या बार्जला, अमुक तासाच्या आत नांगर उचल, असा निर्देश कोणी द्यावयाचा? खाते म्हणते आम्ही कळविले. महामंडळ म्हणते आम्ही पुढे कळविले. कंत्राटदार म्हणतो आम्हीही कळविले. सगळ्यांनी कळविले, आणि कोणीच आज्ञा केली नाही.

हे आजचेच दुखणे आहे असे मात्र नाही. ‘सायक्लोन’ हा शब्द ज्याने घडविला तो हेन्री पिडिंग्टन कलकत्त्यात राहत असे, आणि मौजेची गोष्ट अशी की जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या तेथील न्यायसभेचा तो अध्यक्ष होता. १८५३ साली त्याने लॉर्ड डलहौसीस एक जाहीर पत्र लिहिले. मातला नदीवर जे नवे बंदर बांधण्याचे घाटत आहे ते वादळाच्या लाटेखाली जाईल, असा त्या पत्राचा आशय. पत्र वाचले गेले व बंदर बांधले गेले. १८६७ च्या नोव्हेंबरात वादळ आले आणि त्या पोर्ट कॅनिंगची दैना करून गेले. पिडिंग्टन त्यापूर्वीच, १८५८ साली वारला होता. मधल्या काळात, १८६४ च्या ऑक्टोबरात, कलकत्त्यावर जे प्रचंड वादळ कोसळले त्याने सरकारचे डोळे थोडे उघडले. १८६५ पासून कलकत्ता बंदरात वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था झाली, आणि १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. परकी सरकारने खाते काढले ते मुख्यत्वे जहाजांच्या व महसुलाच्या काळजीने, हे उघड आहे. तथापि काढले हे मान्य केले पाहिजे. आता सरकार आपले, खाते आपले, जहाजे आपली आणि बुडणारी माणसेही आपलीच. दोष द्यावयास परका कोणी उरलेला नाही.

आमच्या किनाऱ्यावरील कोळ्यांनी या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर फार पूर्वीच काढून ठेवले आहे. पावसाळा लागला की होड्या वर ओढावयाच्या, आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ दिल्यावाचून त्या लोटावयाच्या नाहीत. सुधारकांनी ज्या रूढींवर टीका केली त्यांत ही कधी आली नाही, आणि येऊ नये. कारण या रूढीच्या पोटी अनुभव आहे. शासनानेही तीच रूढी कायद्यात उतरवून १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी घातली आहे. ज्यांनी हा दंडक मोडला त्यांचे काय झाले ते ‘रामदास’ बोटीच्या प्रकरणात दिसले. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आषाढी अमावास्येस, ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे उतारू भरून निघाली, काशाच्या खडकाजवळ वादळात सापडली, आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. पोहत किनारा गाठणाऱ्यांनी सांगितले तेव्हा मुंबईस ते कळले. स्वराज्य महिन्यावर आले होते, आणि गिरगाव-परळातील कोकणी घरांत आक्रोश चालला होता.

परंतु रूढीने जे झाकले त्याबाहेरचा धोका आता वाढत आहे. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यत्वे भर पावसाळ्यात येत नाहीत. ती पावसाळ्याच्या तोंडाशी मे-जूनमध्ये, किंवा नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात. ‘विजळी’ म्हणून प्रसिद्ध असलेली ‘वैतरणा’ बोट कच्छ-मांडवीहून मुंबईस येताना सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली, ती ८ नोव्हेंबर १८८८ रोजी. ‘फयान’ आले २००९ च्या नोव्हेंबरात. श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा उलथून टाकणारे ‘निसर्ग’ आले ३ जून २०२० रोजी. ‘तौक्ते’ मे महिन्यातले. म्हणजे पंचांग पाहून दर्यात उतरणारा मनुष्य नेमका याच महिन्यांत निर्धास्त असतो. त्यात पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवून दिले की, १९८२ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या शेकडा ५२ नी वाढली. समुद्राचे पाणी तापत चालले आहे, हे त्याचे कारण. पूर्वी वादळे बंगालच्या उपसागराची, असे शाळेत शिकविले जाई. ते आता पुरेसे नाही. जेथे रूढी पुरत नाही तेथे कायद्याने पुढे व्हावयाचे असते.

यावर व्यवहारी मनुष्याचा आक्षेप येणार, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. वेधशाळेचे अंदाज चुकतात; आज हुकूम करून काम बंद पाडाल आणि उद्या वादळ दुसरीकडे वळेल; मग लाखो रुपयांच्या दैनिक भाड्याचे काय? अंदाज चुकतात हे खरे. परंतु अलीकडे चोवीस तास आधी वर्तविलेल्या मार्गातील सरासरी चूक शंभर किलोमीटरांच्या आत आली आहे, आणि शेकडो किलोमीटर व्यासाच्या वादळास एवढी चूक म्हणजे फार नव्हे. भाड्याचे म्हणाल, तर जहाजी व्यापाराच्या करारांत माल चढविण्या-उतरविण्याचे दिवस मोजताना खराब हवेचे दिवस वगळण्याचा रिवाज जुना आहे. पावसात साखरेची पोती उघडी पडू नयेत म्हणून तो दिवस हिशेबातून गळतो. पोत्यास जी सवलत मिळते ती वेल्डरास मिळू नये, हा हिशेब आम्हांस समजत नाही.

आज्ञा केली म्हणजे काय होते हे ओरिसाने दाखविले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. त्यानंतर त्या प्रांताने निवाऱ्याच्या इमारती बांधल्या, गावोगाव माणसे नेमली, आणि २०१३ साली ‘फायलिन’ आले तेव्हा दहा लाखांवर लोकांस घरांतून उठवून हलविले. मृतांचा आकडा पन्नासाच्या आत राहिला. लोकांस विनंती करून ते भागले नसते. पोलीस व तलाठी दारात उभे राहिले, म्हणून भागले. उलट २०१७ च्या ‘ओखी’ वादळाचे पाहा. केरळ व तामिळनाडूचे मच्छीमार इशारा निघण्यापूर्वीच खोल समुद्रात गेले होते. त्यांच्या होड्यांवर तो ऐकण्याचे साधन नव्हते. शेकडो गेले. केरळकडच्या साठांहून अधिक होड्या भरकटत आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास लागल्या, आणि नऊशेंहून अधिक अपरिचित माणसांस तेथे आसरा मिळाला. त्या गरीब कोळ्यांपर्यंत नोटीस पोचलीच नव्हती. त्यांस दोष देता येत नाही. बार्जपर्यंत ती पोचली होती. या दोहोंतील भेद कायद्याने ओळखला पाहिजे.

आमची मागणी अशी आहे. हवामान खात्याने एखाद्या समुद्रक्षेत्रास चक्रीवादळाचा इशारा दिला की, त्या क्षेत्रातील तेलाच्या व बांधकामाच्या सर्व नौकांस ठरावीक तासांत बंदर गाठण्याचा लेखी निर्देश एका नामनिर्दिष्ट अधिकाऱ्याने काढावा, आणि तो अधिकारी कोण हे आधीच राजपत्रात जाहीर असावे. ज्या नौकेस इंजीन नाही तिच्यासाठी मुदत अधिक आधीची धरावी, कारण टग मिळविण्यासच दिवस जातो. निर्देशानंतर नौका समुद्रात सापडली व माणूस मेला, तर हयगय झालीच असे न्यायालयाने प्रथम गृहीत धरावे, आणि ती झाली नाही हे सिद्ध करण्याचा भार एकट्या कप्तानावर न टाकता, ज्याचे काम चालू होते त्या मूळ धन्यावर टाकावा. एवढे झाले की दूरध्वनीवरून “आणखी दोन दिवस काढा” असे सांगणारा किनाऱ्यावरचा साहेब आपोआप सावध होईल. आणि बंद पडलेल्या दिवसांचा रोज मजुरास पुरा मिळावा. छोट्या मच्छीमारास शासनाने द्यावा. ज्याची चूल त्या दिवशीच्या कमाईवर पेटते त्यास तांबडा रंग दाखवून परत फिरविणे आणि रिकाम्या हाताने घरी धाडणे, हे फार दिवस चालणारे नाही. तो एकदा ऐकेल, दोनदा ऐकेल, तिसऱ्यांदा होडी लोटील.

विदर्भातून लोकसभेत गेलेल्या सभासदांस समुद्राच्या प्रश्नावर बोलण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्यांनी येत्या अधिवेशनात एवढे तरी विचारावे: ‘तौक्ते’नंतर आजपर्यंत जितके वादळी इशारे अरबी समुद्रासाठी निघाले, त्यांपैकी प्रत्येक वेळी तेलक्षेत्रांतील किती नौका बंदरात परतल्या, किती समुद्रातच राहिल्या, आणि ज्या राहिल्या त्या कोणाच्या सहीने राहिल्या?